रेघेची रुंदी

निवांत वेळ असेल तेव्हाच हे वाचायला घ्या. जवळ एखादा पाठकोरा कागद आणि शिसपेन्सिल असू द्या. मांडी घालून बसवत असेल तर खाली बसा, गुडघे कुरकुरत असतील तर खुर्ची बरी. श्वास मोजायचे नाहीत आणि डोळेही मिटायचे नाहीत. या मननाला उघडे डोळे लागतात.

कागदावर एक रेघ ओढा. सरळच हवी असे नाही. ओढून झाली की पेन्सिल बाजूला ठेवा आणि रेघेकडे अगदी जवळून बघा. टोक बोथट असेल तर कडा जराशा फाटलेल्या दिसतील, मधे कागदाचे पांढरे दाणे सुटलेले दिसतील. जाडी धरू अर्धा मिलिमीटर. रेषेला लांबी असते, रुंदी नसते, हे भूमितीच्या तासाला आपण सगळ्यांनी घोकलेले आहे. ते बरोबरच आहे. पण ती रेषा कागदावर कधी उतरत नाही. उतरली की रुंद होते. आज या रुंदीतच बसायचे आहे.

हीच रेघ एखाद्या नकाशावर आहे असे समजा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नेहमीच्या नकाशाचे प्रमाण १:५०,००० असते, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर. त्या हिशेबाने तुमची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर २५ मीटर रुंद झाली. २५ मीटर म्हणजे किती, ते पायांना विचारा. साधारण ३५-४० पावले.

ही पावले आपण मुलचेऱ्यात टाकू. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागातला हा तालुका. दिना नदी या मुलखातून प्राणहितेकडे जाते. जिल्ह्याच्या तीन-चतुर्थांशाच्या आसपास भूभागावर जंगल आहे, आणि इथली गावे त्या जंगलाच्या मधेमधे, धानाच्या बांध्या पसरून बसलेली. चैत्राची पहाट धरा. पहिली काही पावले कापलेल्या धानाच्या सडांवरून पडतील; वाळलेले सड चपलेतूनही टोचतात. मग धुरा लागेल, म्हणजे शेताचा बांध. धुऱ्यापलीकडे मोहाचे झाड. त्याच्या बुडाशी पाचोळा झाडून जमीन स्वच्छ केलेली, कारण फुले रात्रीतून टपटपतात आणि ती पाल्यात हरवू द्यायची नसतात. टोपली घेऊन एक बाई वाकलेली आहे. तिच्यापलीकडे ढोरांची वाट आणि वाटेनंतर साग सुरू होतो. झाली ३५ पावले.

नकाशावर हे सगळे रेघेच्या आत आहे. रेघ मोहाच्या उजवीकडून गेली की डावीकडून, हे नकाशाला सांगता येणार नाही. तो खोटे बोलत नाही, झाडच रेघेखाली आले आहे. फुले वेचणारी बाई शेतात आहे की वनात, हा प्रश्न तिला रोज पडत नसेल. पण ज्या दिवशी कुणी विचारेल त्या दिवशी तो मोठा असेल. इथे थोडे थांबा. त्या बाईला घाईने कुठल्या बाजूला काढू नका.

रेघ बारीक करता येते, हे खरे. त्यासाठी माणसांनी आयुष्ये घातली. वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला विल्यम लॅम्बटनचे थडगे आहे. १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा, म्हणजे मोजणीची पहिली रेघ, मोजून त्याने हिंदुस्थानच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला हात घातला आणि दक्षिणेतून उत्तरेकडे मोजत मोजत येताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला त्याने देह ठेवला. पायारेषेसाठी त्याची पोलादी साखळी १०० फुटांची. उन्हाने पोलाद वाढते, म्हणून साखळीजवळ तापमापक ठेवून पारा टिपायचा आणि केसाएवढा फरकही हिशेबात धरायचा. कोन मोजायचे यंत्र अर्ध्या टनाच्या घरात जाणारे. ते माणसांच्या खांद्यांवरून डोंगर चढायचे. अचूकतेचे असे वेड मला आवडते. या अचूकतेवर कंपनी सरकारचा महसूल आणि फौजफाटा उभा राहणार होता, तेही विसरता येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच साखळीने मोजल्या गेल्या.

तर रेघ बारीक होत गेली. १:४००० प्रमाणाच्या गावनकाशावर तुमची पेन्सिल २ मीटरपर्यंत येते. २ मीटर म्हणजे एक चांगला धुरा. ज्यांच्या घरात धुऱ्याचे भांडण एका पिढीतून दुसऱ्या पिढीत आले आहे, त्यांना २ मीटरमध्ये काय काय मावते ते मी सांगायला नको. मोजणी येते, खुणा होतात, दगड रोवले जातात, आणि पहिल्या पावसानंतर दगड थोडा सरकल्याचा कुणाला तरी संशय येतोच.

आता जंगलात चला. वनखात्याच्या कामात एक रेघ अशी आहे, जिची रुंदी कुणी लपवत नाही. तिला जाळरेषा म्हणतात. उन्हाळा तोंडावर आला की ठरलेल्या पट्ट्यातले गवत आणि झुडपे कापतात, वाळू देतात, मग माणसे दोन्ही बाजूंना हिरव्या फांद्या घेऊन उभी राहतात आणि तो पट्टा जाळून काढतात. पुढे कुठे वणवा लागला तर आगीला या पट्ट्यात खायला काही मिळू नये. पट्टा कुठे ६ मीटर, कुठे १२ मीटर. पाच-सहा मीटरच्या आत ठेवला तर वाऱ्यावर उडालेली ठिणगी सहज पलीकडे जाते. म्हणून रुंदी हेच या रेघेचे काम. आणि ती दरवर्षी पुन्हा आखावी लागते. पावसाळ्यात तिच्यावर गवत येते, चितळे चरतात; रेघ मिटते. हिवाळा सरता सरता माणसे पुन्हा विळे घेऊन येतात.

जाळरेषेवर उभे आहोत अशी कल्पना करा. पायाखाली काळी राख, दोन्हीकडे पिवळा पाला. नाकात धुराचा वास. आपण कुठल्याही बाजूला नाही, फक्त रेघेत आहोत. बसा इथे, हवा तेवढा वेळ.

दुसरी अशीच रेघ वैनगंगा. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला, आणि दोन जिल्ह्यांमधली लांबच लांब हद्द नदीने सांभाळली. नकाशात ती निळी आणि सारख्याच जाडीची. प्रत्यक्षात श्रावणात या काठावरून त्या काठावरचा माणूस ओळखू येत नाही आणि वैशाखात पात्राच्या एका कडेला पाणी, बाकी सगळी वाळू. त्या वाळूत डांगरवाड्या लागतात. टरबूज, डांगर, काकडी. झोपडी बांधून माणसे दोन-तीन महिने तिथेच राहतात, रात्री राखण करतात, जिल्ह्याच्या हद्दरेषेत झोपतात आणि हद्दरेषेत पिकलेले फळ दोन्ही जिल्ह्यांच्या बाजारात विकतात. पाऊस आला की झोपडीचा लाकूडफाटा उचलून परत. या शेतीचा नकाशा कुणी काढला तर तो जूनमध्ये खोटा ठरेल. तरी ती शेती आहे.

इथवर रेघ आपल्याशी बरी वागली. आता जरा अवघड ठिकाणी बसायचे आहे.

झरीना हाश्मी ही चित्रकार १९३७ मध्ये अलीगढला जन्मली. शिकली गणित, केली छापचित्रे. फाळणीनंतर काही वर्षांनी घरचे लोक कराचीला गेले. ती स्वतः देशोदेशी राहिली आणि २०२० मध्ये लंडनला वारली. २००१ मध्ये तिने भारत-पाकिस्तान सीमेचे एक काष्ठछापचित्र केले. नाव ‘डिव्हायडिंग लाइन’. चित्रात एक वेडीवाकडी काळी रेघ, बाकी काही नाही. गावांची नावे नाहीत, नद्या नाहीत. ही रेघ होते कशी, ते समजून घेण्यासारखे आहे. लाकडाच्या फळीवर जे कोरून काढाल ते छापत नाही. जे शिल्लक राहील त्यावर शाई बसते. म्हणजे ती एक रेघ उमटवायची तर तिच्या दोन्ही बाजूंचे सगळे लाकूड कोरून काढावे लागते. हातात पटाशी आहे असे समजा. एक कपची इकडची, एक कपची तिकडची. शेते जातात, विहिरी जातात, माणसे जातात, आणि शेवटी फळीवर उंच राहते ती फक्त सीमा. सबंध चित्रात मला सर्वात जास्त खरी वाटते ती ही करण्याची रीत. चौकटीतल्या चित्रापेक्षा टेबलाखाली पडलेल्या कपच्या बघाव्यात.

मूळची रेघ ज्याने आखली तो सिरिल रॅडक्लिफ ८ जुलै १९४७ ला दिल्लीत उतरला. त्यापूर्वी त्याने हा देश पाहिलेला नव्हता. पंजाब आणि बंगाल दोन्ही कापायचे होते, हाताशी जनगणनेचे आकडे आणि नकाशे, आणि वेळ पाच आठवड्यांचा. निवाडा जाहीर झाला १७ ऑगस्टला, म्हणजे झेंडे लागून दोन दिवस झाल्यावर. दोन दिवस काही गावांना आपण कुठल्या देशात आहोत ते ठाऊक नव्हते.

या रेघेची रुंदी किती?

उत्तराची घाई करू नका. पूर्व बंगालमधून माणसे एकदम आली नाहीत. ती १९५० मध्ये आली, १९६४ च्या दंग्यांनंतर आली, आणि त्याच्या आधी, मधे, नंतरही येत राहिली. जी मागाहून आली त्यांतल्या पुष्कळांना पश्चिम बंगालमध्ये जागा नव्हती. त्यांना रेल्वेने रायपूरजवळच्या माना छावणीत नेले. तंबू, रांगा, धान्याचे माप, पुढे कुठे पाठवणार याची वाट पाहणे. ना इकडचे ना तिकडचे, अशी काही वर्षे त्या लोकांनी काढली. तिथून काही कुटुंबे तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात आली. आजच्या मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत त्यांच्यासाठी जंगल तोडून वसाहती आखल्या गेल्या. पद्मा नदीच्या खाडीमुलखात होडी वल्हवणाऱ्या माणसाच्या हातात सागाची खुंटे काढायची पहार आली. बंगालच्या सीमेपासून मुलचेरा सरळ रेषेत हजार किलोमीटरच्या आसपास आहे. त्या रेघेची रुंदी निदान इथपर्यंत तरी आहे, असे मला वाटते.

त्या वसाहतींतून आज फिरलात तर घरामागे खोदलेले तळे दिसेल, त्यात मासे सोडलेले. शरदात दुर्गापूजेचे ढाक, म्हणजे बंगाली ढोल. पोरे शाळेत मराठी बोलतात, घरी बांगला, बाजारात दोन्ही मिसळून. आणि शेजारी गोंडांची, माडियांची गावे आहेत, जी या वसाहतींच्या कितीतरी आधीपासून इथे आहेत. नकाशात जी जागा वसवायला मोकळी दिसली ती त्यांच्या पायाखालची होती. तिथे त्यांची ढोरे चरत होती, मोह होता, बांबू होता, देव होते. एका रेघेतून उखडलेल्या माणसांना दुसऱ्या रेघेच्या आत बसवले गेले, आणि त्या दुसऱ्या रेघेच्या आतल्या माणसांना त्या वेळी कुणी फारसे विचारले नाही. यात दोघांपैकी कुणालाही लबाड ठरवता येत नाही. या वाक्यावर थोडे अधिक बसा, कारण मन लगेच कुणाची तरी बाजू घ्यायला धावते. माझेही धावते.

वसाहतींची नावे बघा. विवेकानंदपूर, सुंदरनगर, खुदीरामपल्ली, शांतिग्राम. गावे सोडून आलेल्या माणसांनी नव्या जागेला हाक मारायला आपल्या ओळखीचे काहीतरी शोधले. इथे मला मुंबईतली एक गोष्ट आठवते. भायखळ्याला राणीच्या बागेजवळ डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ मध्ये लोकांसाठी उघडलेले. २०१३ मध्ये रीना सैनी कल्लाट या मुंबईतल्या, जे. जे.मध्ये शिकलेल्या चित्रकर्तीने त्या इमारतीच्या दर्शनी भागावर एक भलेमोठे कोळ्याचे जाळे टांगले होते. जाळे विणलेले होते शेकडो रबरी शिक्क्यांनी, आणि एकेका शिक्क्यावर मुंबईतल्या एकेका रस्त्याचे जुने, इंग्रजी अमदानीतले, आता बदललेले नाव. रस्ता तिथेच, नाव जाळ्यात. (याच रीनाने विजेच्या तारांनी जगाचा नकाशा विणून स्थलांतराच्या वाटा दाखवल्या, २०१६ मध्ये तो न्यू यॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात लागला होता. काही तारा तिने काटेरी कुंपणासारख्या पिळल्या आहेत. ज्या तारेतून आवाज जायचा तीच अडवते. पण मला शिक्क्यांचे जाळे अधिक जवळचे.)

कारण शिक्का आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. एक शिक्का मनात हातात घ्या. लाकडी मूठ, घामाने काळी पडलेली. तळाशी रबर, त्यावर अक्षरे उलटी. शाईच्या गादीवर दोनदा टेकवायचा, मग कागदावर दाबून जरा डुलवायचा, म्हणजे कडेची अक्षरे उठतात. शाई जास्त झाली तर पसरते आणि अर्धे नाव वाचता येत नाही. कुठलीही जागा कागदावर येते ती या वाटेने. तहसिलीतल्या बाकावर दिवस काढलेल्या माणसाला हे जाळे कलाकृती आहे म्हणून वेगळे समजवावे लागणार नाही. तो म्हणेल, हो, असेच अडकतो आपण.

आता शेवटची बैठक. ही कुठल्या दालनात नाही, गावाच्या सारवलेल्या अंगणात आहे. जंगलावर जगणाऱ्यांचा त्या जंगलावरचा हक्क मानणारा वनहक्क कायदा २००६ चा. सामूहिक वनहक्काच्या दाव्याला नकाशा लागतो, आणि तो गावाने काढलेला नजरी नकाशाही चालतो. याच जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावाला २००९ मध्ये १,८०० हेक्टरच्या वर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. त्यानंतर गावोगावी असे नकाशे निघाले. नकाशा आधी जमिनीवर निघतो. शेणाने सारवलेली जागा, राख, रांगोळी, विटेचा चुरा. कुणी नाला ओढतो, म्हातारे त्याला थांबवतात, म्हणतात इथे वळण आहे. मोहाच्या जागी खडे, बांबूच्या जागी काड्या, देवाच्या जागी फूल. दोन बाया तेंदूची पाने जिथे गोळा होतात त्या फळीपासून पाण्यापर्यंतची वाट दाखवतात, आणि ती वाट मोजमापाच्या नकाशापेक्षा लांब येते, कारण डोक्यावर ओझे असताना लांबच असते. प्रमाण नसलेला हा नकाशा मला दालनातल्या पुष्कळ मांडण्यांपेक्षा सरस वाटतो. तो मिटण्याआधी कुणीतरी कागदावर उतरवून घेतो. मग गावकरी प्रत्यक्ष हद्द चालतात आणि जीपीएसवर बिंदू घेतात. राख आणि उपग्रह एका दाव्यात बसतात.

शेजारच्या गावाची हद्द आपल्या हद्दीवर चढली तर काय करायचे, त्याचीही सोय नियमांत आहे. दोन्ही ग्रामसभांच्या वनहक्क समित्यांनी एकत्र बसायचे आणि कोण कुठल्या जागेचा कसा वापर करते ते पाहून आपापल्या ग्रामसभेला लेखी कळवायचे. रेघेची रुंदी सरकारी कागदात मान्य केलेली मी पाहिली ती इथेच. पुष्कळदा ठरते ते असे की झाडे दोघांची, पाणी दोघांचे.

पण याच कायद्यात काळावर ओढलेली एक रेघ आहे. जो आदिवासी नाही त्याने दावा करायचा तर १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, तिथे राहून जंगलावर जगत आल्याचा पुरावा लागतो. हिशेब १९३० पर्यंत मागे जातो. खुदीरामपल्लीतल्या एखाद्या आजोबांचे वडील तेव्हा पद्मेकाठी होते. आदिवासींवर दीडशे वर्षे झालेला अन्याय दुरुस्त करायला ही अट असावी, हे मला पटते. जळण आणायला त्याच रानात जाणाऱ्या आजोबांचे काय, हेही डोक्यातून जात नाही. मी दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत आणि त्या एकमेकींत मिसळलेल्या नाहीत. तुमच्याही मिसळणार नाहीत कदाचित. मिसळवू नका.

उठण्याआधी एक काम. तुमच्या घराची, शेताची किंवा गल्लीची एखादी हद्द निवडा, जिच्याविषयी तुमची खात्री आहे. उद्या पलीकडच्या माणसाकडे जा आणि विचारा, तुमच्या मते ती कुठून जाते. तो हात करून दाखवेल, एखादे झाड, गटाराचा कोपरा, वडिलांनी सांगितलेला दगड. त्याचे बोलणे पुरे होऊ द्या. मग त्याने दाखवलेल्या जागेपासून तुमच्या जागेपर्यंत चालत या आणि मधे काय काय लागते ते बघा.